नातीचा प्रस्ताव

बँकेच्या नोकरीतील छत्तीस वर्षांपैकी निम्म्याहून अधिक वर्षे मी इतरांचे कर्जप्रस्ताव वाचण्यात घालवली. धानाची खरेदी, तेंदूपाने, बिडी, लाख, राइस मिलची नवी यंत्रे, कधी एखादा ट्रक. आपल्या गोंदिया भागात जे चालते तेच कागदावर येई. ते सारे व्यवहार जमिनीवरचे होते. निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी, गेल्या आषाढात, माझ्यापुढे जो प्रस्ताव आला तो मात्र पाण्यावरचा होता, आणि अर्जदार आमच्याच घरची मुलगी होती.

ही मुलगी माझ्या थोरल्या बंधूंची नात. वय २६, शिक्षणाने यांत्रिकी अभियंता, नोकरी पुण्यात. तिला श्रीलंकेतील कल्पिटिया या ठिकाणी दहा दिवस राहून काइटबोर्डिंग शिकायचे होते. घरात हा शब्दच कोणी ऐकलेला नव्हता. दादांनी तिचे सर्व बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “कागद बँकवाल्याकडे दे. तो तपासेल.” आमच्या घरी ‘हो’ म्हणायचे नसेल आणि ‘नाही’ म्हणवत नसेल, तेव्हा प्रकरण माझ्याकडे येते. हा रिवाज जुना आहे.

वाचकांपैकी अनेकांना हा खेळ ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. दोन्ही पावले पट्ट्यांत अडकवून एका फळीवर उभे राहायचे, कमरेला हार्नेस नावाचा रुंद पट्टा बांधायचा आणि आकाशातील मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावरून सरकत जायचे. पतंग साधारण सात ते चौदा चौरस मीटरचा, म्हणजे एखाद्या लहान खोलीच्या जमिनीएवढा. त्याच्या दोऱ्या वीस ते चोवीस मीटर लांब. त्या हातातील एका दांडीला जोडलेल्या असतात. दांडी जवळ ओढली की पतंग वारा अधिक धरतो, दूर सोडली की ओढ कमी होते. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातल्या लेगेन्यू बंधूंनी १९८४ साली हवा भरून फुगवायच्या पतंगाचे पेटंट घेतले. हा पतंग पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि पुन्हा उचलता येतो, म्हणूनच हा खेळ पुढे वाढू शकला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो प्रथमच खेळला गेला. पुरुषांच्या स्पर्धेत सिंगापूरच्या मॅक्सिमिलियन मेडर या १७ वर्षांच्या मुलाने कांस्यपदक मिळवले. नातीने ही माहिती आवर्जून पुढे केली होती. प्रस्तावाला जोडलेली शिफारसपत्रे मी नेहमीच शेवटी वाचतो, तशीच तीही बाजूला ठेवली.

पहिला आक्षेप आला तो ‘पतंग’ या शब्दावर. आमच्या घरी संक्रांतीला पतंग उडवत नाहीत. मांज्याने पक्ष्यांचे पंख कापले जातात, आणि जखमी पक्ष्यांची सेवा करणाऱ्या मंडळींत आपल्या समाजाचे तरुण दरवर्षी असतात. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातोच. वहिनींनी विचारले, “ज्या घरात कागदाचा पतंग येत नाही, तिथल्या मुलीने खोलीएवढा उडवायचा?” नातीने उत्तर दिले की या दोऱ्यांना काचेची धार नसते, त्या जाड असतात आणि कोणाचा पतंग कापण्यासाठी त्या नसतातच. पण त्याबरोबर तिने हेही सांगितले की ताणलेली दोरी माणसाच्या बोटाला किंवा मानेला गंभीर इजा करू शकते, म्हणून ती हाताभोवती कधीही गुंडाळायची नसते. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट अर्जदाराने न विचारता सांगितली की तपासनिसाचा विश्वास वाढतो. माझाही थोडा वाढला.

खरी अडचण पतंगाची नव्हतीच, पाण्याची होती.

आपला जिल्हा तलावांचा. नवेगावबांध, बोदलकसा, इटियाडोहचे धरण, आणि गावोगावचे मालगुजारी तलाव, ज्यांना सरकारी कागदांत ‘मामा तलाव’ म्हणतात. तरीही आमच्या कुटुंबात चार पिढ्यांत कोणालाही पोहता येत नाही. १९७३ साली आमचा चौदा वर्षांचा चुलतभाऊ शेतीच्या गावी मामा तलावात कमळे काढायला उतरला. पाणवनस्पतींत पाय अडकला. दादा तेव्हा वीस वर्षांचे होते, काठावर होते, आणि त्यांनाही पोहता येत नव्हते. ते माणसे बोलवायला गावाकडे धावले. गाव अर्ध्या कोसावर. माणसे आली तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर घरात कोणी नियम केला नाही, पण मुलांनी पाण्यात उतरायचे नाही हे सर्वांनाच कळले. पन्नास वर्षे हा नियम कोणी मोडला नाही आणि कोणी उच्चारलाही नाही. नातीने मोडला. पुण्याच्या तरणतलावात ती बाविसाव्या वर्षी पोहायला शिकली आणि चार वर्षे घरी बोलली नाही. प्रस्तावात ‘अर्जदाराची पात्रता’ या ओळीखाली तिने लिहिले होते: न थांबता ८०० मीटर पोहता येते. दादांनी ती ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दोनच प्रश्न दिले. पाण्यात काही झाले तर मदत पोहोचायला किती वेळ लागेल? आणि दुखापत झाली तर तिला आणायला कोण जाईल?

दुसऱ्या प्रश्नामागचे कारण वाचकांना समजेल. दादांनी काही वर्षांपूर्वी दिग्व्रत घेतले आहे. बारा व्रतांतले हे सहावे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा श्रावकाने स्वतःच घालून घ्यायची. दादांची मर्यादा भारताच्या सीमेपर्यंत आहे. हे व्रत त्यांचे आहे, नातीवर त्याचे बंधन नाही, हे त्यांनीच स्पष्ट केले. परंतु ती समुद्रापलीकडे असताना काही घडले तर ते स्वतः तिच्याकडे जाऊ शकणार नाहीत. एकदा काठावर उभे राहून ते काही करू शकले नव्हते. या वेळी काठावरही उभे राहता येणार नव्हते. हे त्यांनी बोलून दाखवले नाही. मीही विचारले नाही.

मी फाइल उघडली.

प्रथम हवामान. गोंदियाच्या माणसाला समुद्राचे काय कळणार, असे कोणी म्हणेल. नकाशा पाहिला तर महाराष्ट्रात राहूनही आपल्याला अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागरच जवळचा आहे. मुंबईला जायचे तर विदर्भ एक्सप्रेसमध्ये रात्र काढावी लागते. तरी वाऱ्याशी आपला संबंध आहे. ज्या मौसमी वाऱ्यांवर आपले धान पिकते, त्यांच्यावरच कल्पिटियाचा हा खेळ चालतो. श्रीलंकेच्या वायव्य किनाऱ्यावर, पुत्तलम जिल्ह्यात, समुद्र आणि उथळ खाजण यांच्यामध्ये हे चिंचोळे द्वीपकल्प आहे. येथे वाऱ्याचे दोन हंगाम असतात. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नैर्ऋत्येचा जोरदार वारा, आणि डिसेंबरच्या मध्यापासून साधारण मार्चच्या मध्यापर्यंत ईशान्येचा सौम्य वारा. हिवाळ्यातला हा ईशान्य वारा म्हणजे मुळात भूगोलाच्या पुस्तकातले ‘व्यापारी वारे’. हे नाव ऐकून दादांची कळी थोडी खुलली.

नातीच्या मैत्रिणी ऑगस्टमध्ये जाणार होत्या. ऑगस्ट म्हणजे चातुर्मास, आणि त्यात पर्युषण. घरातून कोणी त्या दिवसांत अशा सहलीला निघेल हे शक्यच नव्हते. मला मात्र यात केवळ परंपरेची अडचण दिसली नाही. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दीडपट झाला तर जोर सव्वादोन पट, वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. वारा मोजण्याचे एकक नॉट, एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. बारा नॉटच्या वाऱ्यात सहज सांभाळता येणारा पतंग चोवीस नॉटमध्ये चौपट ओढतो. चक्रवाढ व्याज ज्यांना समजते त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. शिकाऊ माणसाने मंद वाऱ्याचा हंगाम धरावा, हे सरळ गणित आहे. मी अभिप्राय लिहिला: ऑगस्ट नामंजूर, जानेवारीचा विचार करावा. नातीने थोडा वाद घातला. मैत्रिणींची सोबत जाणार होती. पण वर्गाचे गणित तिनेच मला शिकवले होते, त्यामुळे ते तिला खोडता आले नाही.

मदतीच्या प्रश्नावर मी तिला प्रशिक्षण केंद्राशी पत्रव्यवहार करायला लावले आणि उत्तरे लेखी मागवली. तोंडी आश्वासनाची किंमत मला ठाऊक आहे. उत्तरे आली ती अशी. शिकाऊंना समुद्रात नेत नाहीत, खाजणात शिकवतात, आणि त्या भागात बहुतेक ठिकाणी कमरेएवढेच पाणी असते. बचावाची होडी पाण्यातच उभी असते. प्रशिक्षकाकडे आय.के.ओ. या आंतरराष्ट्रीय संघटनेचे प्रमाणपत्र आहे. किनाऱ्याकडून खोल पाण्याकडे वाहणाऱ्या वाऱ्यात होडीशिवाय कोणालाही सोडत नाहीत, कारण असा वारा माणसाला परत येऊ देत नाही. होडी पोहोचायला किती वेळ, या प्रश्नाला त्यांनी ‘दोन-तीन मिनिटे’ असे लिहिले. दादांनी त्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

वहिनींचा आक्षेप निराळा होता आणि तो मला अधिक वजनदार वाटला. पाण्यात असंख्य जीव असतात. केवळ मौजेसाठी पाणी ढवळणे म्हणजे अनर्थदंड, निष्प्रयोजन हिंसा, असे त्यांचे म्हणणे. यावर तर्काने मात करता येत नाही आणि करूही नये. नातीनेही ‘सगळे जातात’ असले उत्तर दिले नाही. तिने आपल्यापुरत्या काही मर्यादा ठरवल्या. प्रवाळ असलेल्या भागात जायचे नाही. कल्पिटियाच्या समोरच बार रीफ हे प्रवाळक्षेत्र आहे आणि ते १९९२ पासून अभयारण्य आहे. खाजणात समुद्रगवत असेल तिथे पाय रोवायचे नाहीत. डॉल्फिन पाहायला होड्या त्यांचा पाठलाग करतात, त्या होडीत बसायचे नाही. मासळीची मेजवानी असेल त्या ठिकाणी राहायचे नाही. वहिनींनी हे ऐकून घेतले. पटले असे त्या म्हणाल्या नाहीत. “मर्यादा घातलीस हे बरे केलेस,” एवढेच म्हणाल्या. आजही त्यांचे मत पूर्ण बदललेले नाही आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही. घरात एक तरी माणूस असा असावा.

चातुर्मासात व्याख्यानाहून परतताना दादांनी तिला ज्ञाताधर्मकथेतील माकंदीच्या पुत्रांची गोष्ट ऐकवली. चंपानगरीच्या माकंदी सार्थवाहाचे दोन मुलगे, जिनपालित आणि जिनरक्षित. अकरा वेळा समुद्रपर्यटन करून, संपत्ती मिळवून सुखरूप परतलेले. बाराव्या वेळी निघाले तेव्हा आईवडील म्हणाले, घरात पिढ्यान्‌पिढ्या पुरेल इतके आहे, या वेळी जाऊ नका. ते गेले, नाव फुटली आणि दोघे रत्नद्वीपाला लागले. पुढची गोष्ट वाचकांना माहीत आहे. दादांचा रोख उघड होता. नातीने मान खाली घालून सगळे ऐकले आणि अखेर म्हणाली, “आजोबा, नाव फुटल्यावर दोघे फळीच्याच आधाराने तरले ना?” दादा हसू दाबत होते ते मी पाहिले. आपल्या पूर्वजांनी समुद्र वर्ज्य मानला नव्हता, त्यांच्या कथांतून समुद्र ठायी ठायी येतो. मात्र त्या कथांत निघण्यापूर्वी परवानगी मागितली जाते, हेही तितकेच खरे.

श्रीलंकेचा आणखी एक धागा मला वाचताना सापडला आणि तो मी मुद्दाम दादांच्या कानावर घातला. महावंस या सिंहली बौद्ध इतिहासग्रंथात उल्लेख आहे की राजा पांडुकाभयाने अनुराधपुरात निर्ग्रंथांसाठी निवासस्थाने बांधली. जोतिय आणि गिरी ही निर्ग्रंथांची नावेही त्यात येतात. पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वट्टगामणी राजाने गिरीचा मठ पाडून तेथे अभयगिरी विहार उभारला. म्हणजे आपले साधू तेथे दोन हजार वर्षांपूर्वीही होते. अभयगिरीचा स्तूप आजही उभा आहे आणि पुत्तलमवरून अनुराधपूरला रस्ता जातो. सहलीत एक दिवस अनुराधपूरसाठी राखावा, ही सूचना दादांकडून आली. ती सूचना आली त्या दिवशी प्रस्ताव अर्धा मंजूर झाला असे मी समजलो.

पैशाचे काम माझ्या हातचे, म्हणून थोडक्यात सांगतो. उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. आपल्याला त्याचा शंभरावा भागही लागत नाही. परकी चलनाच्या नोटा एका प्रवासात तीन हजार डॉलरपर्यंत नेता येतात. श्रीलंकेत १२ फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय सुरू झाले आहे, पण खाजणाच्या काठावरच्या प्रत्येक दुकानात ते असेल असे गृहीत धरू नये. आणि कार्ड: रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते निघण्यापूर्वी स्वतः सुरू करावे लागतात. विमानतळावर उतरून घरी फोन करणारे किती ग्राहक मी पाहिले आहेत! प्रवेशाची ऑनलाइन परवानगी आणि पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत, या गोष्टी आजकालची मुले आपल्यापेक्षा चांगल्या जाणतात.

विम्याबाबत मात्र मी थांबलो आणि वाचकांनीही थांबावे. एका कंपनीची प्रवासविमा पॉलिसी नातीने आधीच निवडली होती. हप्ता कमी, रक्कम मोठी. चौदाव्या पानावर बारीक अक्षरांत ‘साहसी क्रीडांमुळे होणारी इजा वगळून’ अशी ओळ होती. म्हणजे ज्या एका कारणासाठी विमा हवा तेच कारण वगळलेले. असा विमा म्हणजे पावसाळ्यात उघडत नाही अशी छत्री. दुसऱ्या पॉलिसीत साहसी खेळांचे वेगळे कलम होते, अट एवढीच की प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली खेळले पाहिजे. रुग्णाला विमानाने मायदेशी आणण्याचा खर्चही त्यात धरला होता. तीच घेतली. आपल्या घरोघरी असणारा मेडिक्लेम बहुधा भारताबाहेर लागू नसतो, तेही तपासून घ्यावे.

खाण्याचा विषय मी सौभाग्यवतीकडे सोपवला. पण एक गोष्ट येथे सांगायलाच हवी. श्रीलंकेत भात, डाळ, नारळ भरपूर, त्यामुळे शाकाहारी माणसाला काळजी नाही असा समज होतो. तेथे ‘उंबलकड’ म्हणून सुकवलेल्या मासळीचा चुरा असतो आणि तो नारळाच्या चटणीत, म्हणजे पोल सांबोलमध्ये, कित्येकदा भाजीतही मसाल्यासारखा घालतात. घालणाऱ्याच्या मते ती भाजीच असते. म्हणून ‘शाकाहारी आहे का’ एवढे विचारून भागत नाही, ‘उंबलकड घातले आहे का’ असेच विचारावे लागते. खाकरे, ठेपले, भाजलेल्या डाळींचे पीठ, मुगाची डाळ आणि लहान विजेची शेगडी, असा बेत ठरला. वरण-भात खोलीवर करायचा. कांदा, लसूण, बटाट्याचा प्रश्नच उरत नाही.

चौविहाराचा प्रश्न अधिक नाजूक निघाला. कल्पिटियात वारा दुपारी चढतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. जानेवारीत सूर्यास्त सहा-सव्वासहाच्या सुमारास. खेळणारी मंडळी सूर्य बुडेपर्यंत पाण्यातच असतात. नातीने स्वतःच ठरवले की पावणेपाचला पाण्याबाहेर यायचे, म्हणजे साडेपाचपर्यंत जेवण होते. दमलेल्या माणसाच्या चुका शेवटच्या तासातच होतात, असे प्रशिक्षकानेही कळवले होते. त्यामुळे येथेही घरची रीत आणि खेळाचे शहाणपण आडवे आले नाही. सूर्यास्तानंतर पाणी नाही, म्हणून दिवसा उकळलेले पाणी किती प्यायचे याचेही कोष्टक तिने केले आहे.

डासांबद्दल एक गंमत. डॉक्टरांकडे मलेरियाच्या गोळ्या विचारल्या तेव्हा कळले की श्रीलंका २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियामुक्त जाहीर केली आहे. आपल्या देवरी-सालेकसा भागाकडे पाहता, तिकडच्यांनीच आपल्याला घाबरायला हवे. डेंग्यू मात्र तेथेही आहे, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे.

आता ज्या दिवशी उरलेला अर्धा प्रस्ताव मंजूर झाला त्या दिवसाविषयी.

दिवाळीच्या सुट्टीत नाती पुण्याहून येताना एका मैत्रिणीचा जुना हार्नेस आणि दांडी घेऊन आली. मिलच्या गोदामात पोती उचलण्याची साखळी आहे. तिला दोर बांधून तिने दांडी अडकवली, हार्नेस घातला आणि मागे झुकून त्यावर आपला भार सोडला. पतंगाची ओढ कशी लागते ते समजण्यासाठी. मग तिने आम्हाला सुटण्याची रीत दाखवली. ती तीन टप्प्यांत असते. पहिला, दांडी सोडून देणे, म्हणजे पतंगाची बरीचशी ओढ जाते. तेवढ्याने भागले नाही तर दुसरा, समोरची लाल कळ ढकलणे, म्हणजे पतंग एकाच दोरीवर निपचित पडतो. तरीही ओढत नेत असेल तर तिसरा, ती शेवटची दोरीही तोडणे आणि पतंग जाऊ देणे. ती म्हणाली, “आजोबा, यातला पहिलाच टप्पा कठीण आहे. घाबरलेला माणूस हातातली वस्तू घट्ट धरतो, आणि दांडी घट्ट धरून जवळ ओढली की पतंग आणखी जोराने ओढतो.”

दादा धानाच्या पोत्यावर बसून पाहत होते. म्हणाले, “डोळे मिटून कर.” तिने केले. “पुन्हा.” खिशातले घड्याळ त्यांनी हातात घेतले. मिलमधले हमाल काम थांबवून भोवती उभे राहिले. दादा मध्येच, न सांगता, टाळी वाजवत. टाळी ऐकली की तिन्ही टप्पे पार करायचे. पहिल्यांदा सहा सेकंद लागले. तासाभराने तीन. “उद्या सकाळी परत,” ते म्हणाले. सात दिवस हे चालले. सातव्या दिवशी घड्याळ खिशात ठेवत त्यांनी तिला विचारले, “पोहायला कोणी शिकवले?” तिने सांगितले. “त्यांना आपल्याकडचा तांदूळ पाठव,” असे म्हणून ते सामायिकाला निघून गेले.

राहिला होता तो दुसरा प्रश्न, आणायला कोण जाईल हा. त्याचे उत्तर कागदावर मिळण्यासारखे नव्हते. माझा पासपोर्ट नोकरीत असतानाच संपला होता. नागपूरला जाऊन मी तो नवा करून घेतला आणि दादांच्या पुढे ठेवला. आधी विचार होता की तयार असावा, गरज पडली तर निघता येईल. मग वाटले, नागपूरहून चेन्नई, तिथून कोलंबो, आणि विमानतळापासून मोटारीने तीन-चार तास, एवढ्या अंतरावर बसून फोनची वाट पाहण्यापेक्षा खाजणाच्या काठावरच बसावे. नातीला हे विशेष आवडले नसावे. सव्विसाव्या वर्षी आजोबांना बरोबर घेऊन साहसी सहलीला कोण जाते? दोन दिवसांनी तिने अटी कळवल्या. काठावर बसायचे, हाका मारायच्या नाहीत. प्रशिक्षकाला बँकेच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. आणि रिकामे बसायचे नाही, पतंग उतरवून घ्यायला शिकायचे.

हे काम वाटते तितके सोपे नाही. पाण्यातल्या माणसाने डोक्यावर हात थोपटला म्हणजे ‘पतंग उतरवायचा आहे’ अशी ती खूण. किनाऱ्यावरच्या माणसाने ती पाहिली असल्याचे तसेच डोके थोपटून कळवायचे. मग पतंग बाजूने खाली येतो. त्याच्या पुढच्या फुगीर काठाला नेमके मध्यभागी धरायचे, दोऱ्यांना हात लावायचा नाही. आणि खेळाडूच्या वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे पतंग जिकडे झेपावू शकतो तिकडे, कधीही उभे राहायचे नाही. पतंग चढवताना अंगठा वर दाखवल्याशिवाय तो हातातून सोडायचा नाही.

तिकिटे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याची आहेत. तोपर्यंत रोज संध्याकाळी मिलच्या अंगणात आमचा सराव चालतो. नात पुण्यात आहे, त्यामुळे तिची जागा दादा घेतात. दोन बांबूंना बांधलेली ताडपत्री हमाल उंच धरतात, दादा पंचवीस पावलांवर उभे राहून डोके थोपटतात, मीही थोपटतो, आणि ताडपत्री खाली येते. काल मी वाऱ्याखालच्या बाजूने पुढे जाऊ लागलो, तेव्हा ते तिथूनच जोरात ओरडले, “तिकडून नाही, अलीकडून!”